सरळ रेषेचे वस्त्र : जपानी वेष आणि त्याचे साजसाहित्य



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गृहस्थांचा व्यवसाय कापडाचा आणि व्यासंग इतिहासाचा होता, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. तेव्हा या वर्षीचे पुष्प गुंफण्याची आज्ञा चालकांकडून झाली, त्या वेळी कापडाचे मोल आणि काळाची गती ही दोन्ही जेथे एकत्र पाहावयास मिळतील असाच विषय घ्यावा, असे माझ्या मनाने घेतले. जपानी वेष हा तसा विषय आहे. हातात पंखा, मागे फुललेली चेरी आणि किमोनो ल्यालेली बाहुलीसारखी एक स्त्री, एवढ्यावर त्या देशाची ओळख आटोपती घेण्याची सवय आपल्याकडे फार दिवसांची आहे. आणि या चित्रामुळे त्या वेषामागे जी बुद्धी आहे, जी काटकसर आहे आणि कापडाविषयी जो आदर आहे, तो सगळा दृष्टीआड होतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, किमोनो शरीराच्या वळणाप्रमाणे कापीत नाहीत, कापडाच्या मर्यादेत राहून शिवतात. आणि कापडाला असे अभय दिल्यामुळे, अन्यत्र जे काम शिंप्याची कात्री, गुंडी आणि खिसा करतात, ते सारे तेथे दोऱ्या, पट्टे, गाठी आणि लटकने यांच्याकडे आले. ज्याला आपण साजसाहित्य म्हणून दुय्यम लेखतो, त्याच्याच आधारावर तो वेष उभा राहतो.

प्रथम मूळ कापडाकडे वळू. किमोनोसाठी विणलेल्या ठाणाला तेथे ‘तान’ म्हणतात. त्याचा पन्हा साधारणपणे ३६ ते ३८ सेंटिमीटर, म्हणजे हातमागावर बसलेल्या विणकराला धोटा या हातातून त्या हातात सहज देता यावा इतका, आणि लांबी सुमारे १२ मीटर. एका प्रौढ माणसाचे एक वस्त्र एवढ्यात बसलेच पाहिजे, असा हा हिशेब आहे. कात्री चालते ती सरळ; वळणाची रेघ तिला ठाऊक नाही. पाठीच्या तळापासून निघून खांद्यावरून पुढच्या घेरापर्यंत अखंड उतरणाऱ्या दोन लांब पट्ट्या, दोन बाह्या, पुढच्या बाजूस एकावर एक येण्यासाठी जोडलेल्या दोन अरुंद पट्ट्या, एक गळपट्टी आणि तिच्यावर बसणारी दुसरी आखूड गळपट्टी, असे एकंदर आठ तुकडे होतात आणि ठाण संपते. खांद्यावर शिवणच नाही. गळ्यासाठी जी चीर द्यावी लागते तिच्यातले कापडही काढून टाकीत नाहीत, ते गळपट्टीच्या आत दुमडून ठेवतात. नेसणारा ठेंगणा असला म्हणून जास्तीचे कापड छाटले असे होत नाही. कमरेच्या पट्ट्याखाली लपेल अशा घडीत किंवा शिवणीच्या आत ते पडून राहते. लहान मुलांच्या किमोनोला तर खांद्यावर आणि कमरेवर मोठाल्या चुण्या घालतात आणि मूल वाढेल तशा त्या सोडीत जातात.

शिवण हाताची, धावदोऱ्याची, आणि पुढे उसवावयाची आहे हे धरूनच घातलेली. कारण रेशमी किमोनो नीट धुवावयाचा तर तो आधी उसवावा लागे. ‘आराइहारी’ नावाची ही रीत मला त्या साऱ्या वस्त्रविद्येचे मर्म वाटते. आठही तुकडे सुटे करावयाचे, टोकाला टोक जोडून त्यांचे पुन्हा मूळचे लांबलचक ठाण बनवावयाचे, ते धुऊन त्याला समुद्रातल्या शेवाळापासून काढलेली पातळ खळ द्यावयाची, आणि मग दोन्ही टोकांना सुईसारखी अग्रे असलेल्या बांबूच्या बारीक काड्या काठाकाठांत रुतवून, त्या कमानीसारख्या वाकवून, ते ठाण आडवे ताणून वाळवावयाचे. सुती कापड असेल तर ते लाकडी फळीवर चिकटवून उन्हात उभे करावयाचे. वाळलेले कापड पुन्हा शिवताना मळलेला आणि विरलेला भाग आत जातो, आतला टिकलेला भाग बाहेर येतो. आपल्याकडे विरलेल्या लुगड्याचा मधला भाग काढून, उरलेल्या दोन तुकड्यांना दंड घालून ते आणखी काही वर्षे नेसणाऱ्या ज्या गृहिणी होत्या, त्यांना ही रीत समजावून सांगावी लागली नसती. आईचा किमोनो मुलीच्या अंगरख्यात, अंगरखा बिछान्याच्या खोळीत, खोळ लहान मुलाच्या दुपट्यात आणि दुपटे शेवटी फरशी पुसण्याच्या फडक्यात जाईपर्यंत ते मूळचे चौकोनी कापड चौकोनीच राहते, म्हणून प्रत्येक पायरीला उपयोगी पडते. शरीराच्या मापाने वळणावळणांनी कापलेल्या कोटाला असा पुनर्जन्म सहसा मिळत नाही.

परंतु या अभयदानाची किंमत नेसणाऱ्याला मोजावी लागते. सरळ तुकड्यांचे वस्त्र अंगाला आपण होऊन बसत नाही. ते बसवावे लागते, आणि रोज सकाळी नव्याने बसवावे लागते. स्त्रीने पूर्ण पोशाख करताना काय क्रम असतो तो पाहण्यासारखा आहे. आधी पायांत ताबी, म्हणजे अंगठा वेगळा ठेवणारे पांढरे कापडी मोजे, ज्यांच्या टाचेवरच्या फटीत धातूच्या चपट्या आकड्या अडकवावयाच्या असतात. कारण एकदा कमरेला रुंद पट्टा चढला की मग वाकणे कठीण. त्यानंतर आतले सुती कपडे, त्यांवर ‘नागाजुबान’ हा पायघोळ अंतर्वास, आणि त्याच्या गळ्याला टाचलेली सुटी पांढरी पट्टी, जिचा जेमतेम बोटभर काठ बाहेर दिसतो आणि जी मळली म्हणजे तेवढीच काढून धुता येते. मग प्रत्यक्ष किमोनो. स्त्रीचा किमोनो तिच्या उंचीहून बराच लांब असतो. तो उचलून, खालचा घेर पावलाच्या पातळीवर आणून, उजवी बाजू आधी अंगालगत घ्यावयाची आणि तिच्यावर डावी आणावयाची, कमरेला दोरी बांधावयाची, आणि वर उरलेले कापड त्या दोरीवरून खाली सोडून त्याची एक आडवी, सरळ घडी पाडावयाची. गळपट्टी पुढे गळ्याशी मिटलेली, तर मागे मानेपासून मूठभर दूर ओढलेली असते. हे अंतर किती ठेवावे यावर वयाचा, प्रसंगाचा आणि अभिरुचीचा निवाडा होतो.

डावी बाजू वर घेण्याचा हा शिरस्ता फार जुना आहे. इ.स. ७१९ मध्ये, सम्राज्ञी गेन्शो हिच्या कारकीर्दीत, सर्व रयतेने वस्त्राची उजवी बाजू आत ठेवावी असे चिनी रिवाजाला धरून फर्मान निघाले, आणि तेव्हापासून ते आजतागायत तसेच चालत आले आहे. उजवी बाजू वर घेऊन मिटलेला किमोनो केवळ मृताच्या अंगावर चढवितात. अजाण परदेशी पाहुण्याने आरशासमोर उलट नेसलेला किमोनो पाहून वृद्ध जपानी स्त्रिया कासावीस होतात, त्याचे कारण हे आहे.

आता ओबी. हा कमरेचा पट्टा, पण पट्टा या शब्दाने त्याची कल्पना येत नाही. समारंभी नेसावयाची ओबी सुमारे ३१ सेंटिमीटर रुंद आणि चार मीटरांहून अधिक लांब असते, आणि जरतारी विणकामाची असेल तर तिचे मोल कित्येकदा किमोनोहून अधिक होते. ती कमरेला दोन वेढे घेते. वेढ्यांच्या आत एक कडक पट्टी सरकवितात, म्हणजे पुढे सुरकुती पडत नाही. मागे गाठीला आकार यावा म्हणून एक लहानशी उशी ठेवतात. ती उशी ‘ओबिआगे’ नावाच्या मऊ रेशमी फडक्यात गुंडाळून त्याची टोके पुढे आणून ओबीच्या वरच्या काठात खोचतात. आणि सर्वांत शेवटी, ओबीच्या मध्यावरून, ‘ओबिजिमे’ ही गोफ विणलेली दोरी पुढे घट्ट बांधतात. पाहणाऱ्याला ती शोभेची वाटते. पण पाठीवरची ती चौकोनी, फुगीर रचना पेलून धरलेली असते ती याच दोरीने. ती सुटली तर सगळा डोल क्षणात खाली येतो. हे गोफ विणणाऱ्यांची घराणी जुनी आहेत. तोकियोत उएनोच्या तळ्याकाठी दोम्यो यांची पेढी इ.स. १६५२ पासून चालत आली आहे. चिलखताच्या पट्ट्या ओवण्याच्या आणि तलवारीच्या म्यानाला बांधण्याच्या दोऱ्या एके काळी ज्या हस्तकौशल्याने होत, तेच आज स्त्रियांच्या कमरेच्या दोरीत उतरले आहे.

हे सारे ऐकून श्रोत्यांचा असा समज होण्याचा संभव आहे की, ही रचना अनादि कालापासून अशीच चालत आली असेल. तसे मुळीच नाही, आणि परंपरा या शब्दाचा आपण फार सैल वापर करतो म्हणून ही गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. अकराव्या शतकाच्या सुमारास हेइआन दरबारातील स्त्रिया एकावर एक अनेक झगे घालीत, आणि बाहीच्या व घेराच्या काठाशी त्या थरांचे जे रंग दिसत त्यांच्या संगतीवरून ऋतूचे भान आणि कुळाची संस्कृती पारखली जाई. काही रंग तर दरबारी सनदेशिवाय वापरण्याची मुभाच नव्हती. या थरांच्या तळाशी लहान तोंडाच्या बाहीचे जे साधे अंतर्वस्त्र असे, त्याचे नाव कोसोदे. पुढे युद्धांच्या शतकांत दरबार खंगला, वरचे थर एकेक करून गळून पडले, आणि हे आतले वस्त्रच बाहेरचे होऊन बसले. आजचा किमोनो हा त्या कोसोदेचा वंशज. त्याला बांधण्याचा पट्टा आरंभी अगदी अरुंद होता. एदो कालात, म्हणजे तोकुगावा अमलात, तो वाढत वाढत आजच्या रुंदीला पोचला, आणि त्याची गाठ, जी कधी पुढे, कधी कुशीला, कधी मागे असे, ती हळूहळू पाठीवर स्थिरावली. आज सर्वत्र दिसणारी ‘ताइको’ ही चौकोनी गाठ तर १८१७ साली कामेइदो तेन्जिन देवस्थानाचा कमानदार पूल पुन्हा बांधून झाला तेव्हा फुकागावाच्या गेइशांनी प्रथम बांधली, असे सांगतात; आणि ती गाठ आली म्हणून उशी आली, फडके आले, दोरी आली. १८७६ मध्ये मेइजी सरकारने तलवार कमरेला लावून हिंडण्यास मनाई केली, तेव्हा तलवारीच्या मुठी आणि तिचे साज घडविणाऱ्या धातुकारागिरांच्या पोटावर पाय आला. त्यांपैकी कित्येकांनी आपली छिन्नी ओबिजिमेवर ओवावयाच्या ‘ओबिदोमे’ या छोट्या पदकांकडे वळविली. नागोया ओबी, जिच्यात कमरेचा भाग आधीच अर्धा दुमडून शिवलेला असतो आणि जिच्यामुळे नेसण्याचे श्रम निम्म्याने वाचतात, ती तर विसाव्या शतकातली. नागोयात मुलींची शाळा चालविणाऱ्या कोशिहारा हारुको या बाईंनी ती योजिली. ज्या वेषाला आपण स्थाणू समजतो, त्याचा जवळजवळ प्रत्येक बंद अशा रीतीने कोणत्या तरी गरजेतून, कोणाच्या तरी बुद्धीने, ज्ञात काळात जोडला गेलेला आहे.

सरकारी हुकूमनाम्यांनीही या वेषाला घडविले. तोकुगावा अमलात व्यापारी वर्ग दर्जाने खालचा मानलेला, पण पैसा त्याच्याच हाती. तेव्हा त्याच्या बायकामुलींनी उमरावांना लाजवील असा पोशाख करू नये म्हणून वेळोवेळी ताकीद निघे. १६८३ च्या अशाच एका हुकमाने जरीचे कापड, भरतकाम आणि अंगभर गाठी बांधून केलेले ठिपकेदार रंगकाम यांना बंदी झाली. सोने नको, सुई नको, गाठी नकोत. उरला तो निव्वळ रंग. त्याच सुमारास क्योतोत मियाझाकी यूझेन नावाचा पंखे रंगविणारा चित्रकार लोकप्रिय होता. खळीने रंग अडविण्याची विद्या त्याच्या आधीपासून होती, परंतु त्याच्या चित्रांच्या धाटणीमुळे तिला जे रूप आणि जे नाव मिळाले, ते आजही चालते. यूझेनची रीत अशी : ‘आओबाना’ या फुलाच्या निळ्या रसाने पांढऱ्या रेशमावर रेखाटन करावयाचे. हे फूल आपल्या शेतात तण म्हणून उगवणाऱ्या केन्याच्या जातकुळीतले आहे, आणि त्याच्या निळ्या रंगाचा गुण असा की पाण्याचा स्पर्श होताच तो मागमूस न ठेवता निघून जातो. मग चिकट भाताच्या पिठाची आणि कोंड्याची शिजविलेली खळ कागदाच्या शंकूत भरून, त्याच्या बारीक तोंडातून रेखाटनाच्या प्रत्येक रेषेवर सुताइतकी बारीक धार सोडावयाची. ही धार म्हणजे बांध. तिच्या आतल्या भागांत कुंचल्याने एकेक रंग भरला की तो पलीकडे फुटत नाही. मग सगळी आकृती खळीने झाकून भोवतालची जमीन रंगवावयाची, कापड वाफेवर धरून रंग पक्का करावयाचा आणि वाहत्या पाण्यात खळ धुऊन काढावयाची. पूर्वी क्योतोच्या कामो नदीत ही रंगीत ठाणे सोडलेली दिसत. खळ जेथे होती तेथे रंगारंगांमध्ये एक नाजूक पांढरी रेघ उरते, आणि तीच यूझेनची ओळख. बंदी घालणाऱ्या अधिकाऱ्यांनी या कलेला जन्म दिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्यांनी दुसरी दारे लावून घेतली नसती, तर कारागिरांची एवढी प्रज्ञा या एका दारातून लोटली असती किंवा नाही, याची मला शंका आहे.

याच कायदेकानूंचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म झाला. एदोच्या, म्हणजे आजच्या तोकियोच्या, नागरांनी भपकाच अरसिक ठरविला. बाहेरून तपकिरी, राखी, गर्द निळा असा मंद रंग, जवळ गेल्यावाचून न कळणारी बारीक रेघ, आणि आत, जेथे चालताना क्षणभरच नजर पोचते तेथे, किंमती चित्रित अस्तर, अशी त्यांची अभिरुची झाली. या वृत्तीला ते ‘इकी’ म्हणत, आणि तिच्यावर तत्त्वज्ञ कुकी शूझो यांनी १९३० साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुरुषांच्या अंगरख्याच्या अस्तरावर आतल्या बाजूने रंगविलेली निसर्गचित्रे आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. जे स्वतःलाच माहीत आहे अशा सौंदर्यावर पैसा खर्च करणारा तो समाज मला फार प्रगल्भ वाटतो.

या वेषाच्या कापडांशी आपल्या भूमीचा संबंध आहे, आणि तो येथे नमूद न करणे कृतघ्नपणाचे होईल. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगीजांच्या आणि पुढे, पोर्तुगीजांची १६३९ साली हकालपट्टी झाल्यावर, युरोपियांपैकी केवळ डचांच्या जहाजांतून हिंदुस्थानचे कापड जपानात उतरत असे. आपले छापील आणि कलमकारी सुती कापड तेथे ‘सारासा’ म्हणून इतके दुर्मीळ व प्रिय झाले की, चहासमारंभातल्या बरणीची खोळ, तंबाखूची चंची, अशा हातभर कामांसाठी त्याचे तुकडे जपून वापरीत आणि उरलेल्या चिंध्याही वहीत चिकटवून ठेवीत. चोलमंडल किनाऱ्यावरच्या सान थोमे बंदराच्या नावाने ‘सान्तोमे’ हे पट्ट्यांचे सुती कापड ओळखले जाई. आणि ‘चाऊजिमा’ या पातळ, हलक्या रेशमी कापडाचे नाव आहे आपल्या चौलाचे, रेवदंड्याशेजारच्या त्या कोकणी बंदराचे, जेथील रेशमी माग पोर्तुगीज अमलात नावाजलेले होते. सामुराईच्या हाकामा या घेरदार विजारीसाठी हे कापड पसंत केले जाई, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योतोच्या विणकरांनी त्याची बरहुकूम नक्कल काढली. चौलात आज त्या मागांची खूणही उरलेली नाही. जपानी कोशांत मात्र ते कापड नोंदलेले आहे.

किमोनोला खिसा नाही, हे मी आरंभी सुचविले. बाहीच्या पिशवीत आणि छातीवरच्या घडीत थोडेफार मावते, पण औषध, मोहोर, पैसा, तंबाखू, चिलीम हा पुरुषाचा रोजचा सरंजाम कोठे ठेवावयाचा? तो कमरेला टांगावयाचा. परंतु ओबी म्हणजे गुळगुळीत रेशीम. तिच्यातून नुसती दोरी सरकून पडेल. म्हणून दोरीच्या वरच्या टोकाला एक छोटी गुटिका बांधून, दोरी ओबीच्या आतून वर काढून, ती गुटिका ओबीच्या काठावर अडकवीत. तिचे नाव नेत्सुके. दोरीच्या खालच्या टोकाला चंची असे किंवा ‘इन्रो’ ही लाखकामाची, एकावर एक बसणाऱ्या चार-पाच कप्प्यांची चपटी डबी. आणि मध्ये, कप्पे घट्ट मिटावेत म्हणून, दोरीवर सरकणारा एक मणी.

नेत्सुके हातात घेऊन पाहावे. सुपारीपेक्षा फारसे मोठे नाही, बहुधा पिवळसर कठीण लाकडाचे, हस्तिदंताचे किंवा सांबरशिंगाचे. बसलेला बैल, कुशीत शेपूट घेऊन झोपलेला उंदीर, मशरूमवर चढलेली गोगलगाय, आंधळा चंपी करणारा, पुराणातला राक्षस, काहीही असेल; पण एकही शिंग, कान अगर पाय बाहेर निघालेला सापडणार नाही, कारण बाहेर निघालेले टोक रेशमात अडकते आणि मोडते. कारागीर आकृती गोळा करून आणतो, अवयव अंगाशी मिटवितो. उलटे केले तर तळही तितक्याच निष्ठेने कोरलेला, बैलाचे खूर पोटाखाली दुमडलेले. आणि तेथेच दोन छिद्रे, ज्यांपैकी एक जरासे मोठे असते, म्हणजे दोरीची गाठ आत लपते. वर्षानुवर्षे वस्त्रावर घासून एक बाजू झिजते, तिला मऊ तुळतुळी येते, आणि ही झीज जाणकार दोष न मानता गुण मानतात. ओसाकाच्या इनाबा त्सूर्यू यांनी १७८१ साली तलवारीच्या साजावर जो ग्रंथ छापला, त्यात पन्नासांहून अधिक नेत्सुके-कारागिरांची नावे दिली आहेत; बैलांसाठी प्रसिद्ध असलेला क्योतोचा तोमोतादा त्यांतलाच, आणि त्याच्या हयातीतच त्याच्या नावाने नकला खपू लागल्या होत्या. मेइजी कालात कोट आला, कोटाबरोबर खिसा आला, चिलमीच्या जागी सिगारेट आली, आणि एका पिढीत नेत्सुकेचे प्रयोजन संपले. ती हजारोंनी युरोप-अमेरिकेच्या संग्राहकांकडे गेली. रतन टाटा व दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या जपानी कलावस्तू मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. तेथे अगर अन्यत्र कोठेही आपल्याला नेत्सुके पाहण्याचा योग आला, तर चेहऱ्यावर खिळून न राहता ती दोन छिद्रे शोधावीत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. छिद्रे सोयीच्या जागी नसतील, तर तो जिन्नस बहुधा केवळ विक्रीसाठी कोरलेला आहे.

पादत्राणांविषयी थोडक्यात सांगतो. साध्या वेषाला लाकडी गेता, हलक्या किरी लाकडाच्या उत्तम. समारंभाला चपटी झोरी. दोहोंचाही अंगठा-बोटांमधला पट्टा तळाच्या मध्यावर असतो, म्हणून डावा-उजवा असा भेद नाही आणि जोड सारखाच झिजतो. ऋतूंचा निर्बंध मात्र कडक : १ जूनला अस्तराचा किमोनो जाऊन बिनअस्तराचा येतो, जुलै-ऑगस्टमध्ये जाळीदार, आणि १ ऑक्टोबरला पुन्हा अस्तर. फुलांची नक्षी फुलण्याच्या किंचित आधी ल्यावी, बहर ओसरल्यावर नव्हे. अविवाहितेची बाही लांब, विवाहितेची आखूड. समारंभी काळ्या किमोनोवर पाच कुलचिन्हे. हे नियम जाचक आहेत असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि शहरातल्या उकाड्यात ते जाचक आहेतही.

मेइजी राज्यकर्त्यांनी १८७२ साली दरबारी व सरकारी समारंभांसाठी पाश्चात्त्य पोशाख मुक्रर केला. १८८७ मध्ये सम्राज्ञीने स्त्रियांसाठीही तशीच तजवीज सुचविताना, प्राचीन जपानी वेषही दुहेरीच होता, वर एक आणि खाली एक, असा दाखला दिला आणि कापड मात्र स्वदेशी वापरावे असे बजाविले. सामान्य घरांत किमोनो पुढेही दोन पिढ्या राहिला. त्या काळी जपानी गिरण्यांचे चाते फिरत होते ते मोठ्या अंशी हिंदी कापसावर. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या साहाय्याने निप्पोन यूसेन काइशा कंपनीची मुंबईची जहाजवाहतूक सुरू झाली, ती याच मालासाठी.

खरा आघात युद्धाने केला. १९४० साली पुरुषांसाठी राष्ट्रीय गणवेषाचा हुकूम निघाला. स्त्रियांनी रुंद ओब्या पेटीत ठेवल्या आणि जुने किमोनो उसवून त्यांच्या ‘मोन्पे’ या घोट्याशी बांधलेल्या शेतकामाच्या विजारी शिवल्या. हिरोशिमाचे एक छायाचित्र आहे : एका स्त्रीच्या पाठीवर आणि दंडावर तिच्या किमोनोची नक्षी जळून उमटली आहे, कारण नक्षीच्या काळ्या भागाने उष्णता शोषली आणि पांढऱ्याने परतविली. वस्त्रांचा इतिहास सांगणाऱ्याने ते चित्र वगळू नये, असे मला वाटते. युद्धानंतरच्या दुष्काळात शहरातल्या बायका खेड्यांत जाऊन एकेक किमोनो देऊन तांदूळ आणि रताळी आणीत. बांबूच्या कोंबाची साले एकामागून एक सोलावीत तसे ते दिवस, म्हणून लोक त्याला कोंबाचे जिणे म्हणत. ज्या पेट्या मुलींच्या लग्नासाठी भरून ठेवल्या होत्या, त्या अशा रिकाम्या झाल्या.

पुढे सुबत्ता आली, पण किमोनो रोजच्या वापरात परतला नाही. तो लग्नाचा, जानेवारीतल्या प्रौढत्व-समारंभाचा, चहाच्या वर्गाचा पोशाख झाला. आईकडून मुलीकडे जाणारी नेसण्याची विद्या खंडित झाली, आणि १९६० नंतर ती शिकविणारे वर्ग निघाले. या वर्गांनी विद्या वाचविली हे खरे. परंतु जिवंत व्यवहारात जी ढिलाई, जो मोकळेपणा होता, तो त्यांनी नियमांत आवळून टाकला, अशी तक्रार तेथील जाणकारच करतात आणि मला ती रास्त वाटते. समाधानाची गोष्ट ही की, क्योतोत तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेस आणि कितानो तेन्मान्गू देवस्थानाच्या आवारात २५ तारखेस जो बाजार भरतो, तेथे जुन्या किमोनोंचे ढीग लागतात आणि तरुण मुली ते विकत घेऊन, कोणाला न विचारता, आपापल्या मनाप्रमाणे नेसतात.

कारागिरीच्या रक्षणाचा प्रश्न जपानी सरकारने आपल्या आधी हाती घेतला. १९५० च्या सांस्कृतिक संपत्ती कायद्याने इमारती व मूर्ती यांच्याबरोबर हस्तकौशल्यालाही संपत्तीचा दर्जा दिला. एचिगोचे तलम कापड, जे बर्फावर पसरून उजळवितात, आणि यूकीचे हाताने ओढलेल्या सुताचे रेशीम, ही पुढे या कायद्याच्या छत्राखाली आली. परंतु अनुभवांती असे आढळले की, एका विणकराला मानमरातब दिल्याने माग चालू राहत नाही. बांबूची फणी बांधणारा, सूत रंगविण्यापूर्वी ते ठरावीक ठिकाणी आवळून बांधणारा, निळीचा पाला महिनोन्‌महिने आंबविणारा, यांच्यापैकी एक जण जरी धंदा सोडून गेला तरी सगळे काम अडते. म्हणून १९७५ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन साधने आणि कच्चा माल तयार करणाऱ्यांच्या विद्याही रक्षणपात्र ठरल्या. यूझेनच्या रेखाटनाला लागणारे ते निळे फूल शिगा प्रांतातील कुसात्सुच्या आसपास लावतात. ऐन उन्हाळ्यात, सकाळी उमललेल्या पाकळ्या दुपारपर्यंत कोमेजण्याच्या आत खुडाव्या लागतात, त्यांचा रस पिळून जपानी कागदावर थरावर थर देऊन वाळवितात, आणि रंगारी त्या कागदाचा तुकडा पाण्यात भिजवून आपली शाई करतो. हे काम करणारी घरे आता फार थोडी उरली आहेत. कारखान्यात झालेली निळी शाई बाजारात मिळते, ती स्वस्तही आहे, आणि पुष्कळ रंगारी तीच वापरतात. जे वापरीत नाहीत त्यांना कुसात्सुच्या त्या शेतांची बातमी दर वर्षी घ्यावी लागते.